बंदरावरचा साखळीचा पेला

मी एक जुना पितळी पेला आहे. मित्रांनो, बंदरावरच्या पाण्याच्या टाकीशी मला साखळीने बांधलेले होते. दिवसाला तीन-चारशे हमाल माझ्यातूनच पाणी पीत. टाकीवरच्या मावशी मला राखेने घासून लख्ख ठेवत. "मावशी, यात तोंड दिसतं की!" असे कुणी म्हटले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पहिले महायुद्ध संपत आले होते. एके सकाळी सैनिकांचे जहाज धक्क्याला लागले. निम्मे सैनिक खोकत होते. ते माझ्यातून पाणी प्यायले आणि दुपारच्या गाड्या पकडून आपापल्या गावी गेले. तिसऱ्या दिवशी सात हमाल तापाने आडवे झाले.

बंदराचे डॉक्टर धावत आले. "पुढची जहाजं बाहेरच थांबवा. आणि हा पेला आधी काढा."

"साधा ताप आहे हो," बंदराचे साहेब म्हणाले. "जहाजं अडवली तर वर काय तोंड दाखवू?"

जहाजे येतच राहिली आणि हमाल दगावू लागले. मावशींनी मात्र मला साखळीतून सोडवले आणि पदराखाली लपवले. त्या सगळ्यांना ओंजळीत पाणी वाढू लागल्या. तासाभरात साहेब हजर.

"कुणाला विचारून काढलास?"

"माणसं मरतायत, साहेब."

"तुझं काम पाणी देणं. डॉक्टरकी करू नकोस."

मला पुन्हा बांधले. मग मावशी मला दर थोड्या वेळाने उकळत्या पाण्याने धूत. एकदा सरपण संपले म्हणून त्या ते आणायला गेल्या. तेवढ्यात त्यांची लेक डबा घेऊन आली. उन्हातून चालत आली होती, घसा कोरडा पडला होता. ती माझ्यातून पोटभर पाणी प्यायली.

पाचव्या दिवशी ती गेली. ओठ जांभळे पडले होते म्हणे.

तोवर गाड्या जिथे जिथे जात होत्या, तिथे तिथे घरे ओस पडत होती. पुढे चौकशी झाली. अहवालात लिहिले, 'हमालांच्या घाणेरड्या सवयींमुळे साथ पसरली. पाणीवालीने पेला स्वच्छ ठेवला नाही.' मावशींना कामावरून काढले. साहेबांना बढती मिळाली. जहाजे थांबवा म्हणून डॉक्टरांनी साहेबांना लिहिलेले पत्र अहवालात कुठेच नव्हते.

आज मी संग्रहालयात काचेआड आहे. खालच्या पाटीवर लिहिले आहे, 'लोकसेवेची आठवण'. शाळेची मुले ती मोठ्याने वाचतात. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही, माझी फार घेतली गेली. उद्या पुन्हा साथ आली आणि टाकीवरची एखादी बाई म्हणाली, "थांबा, यातून पिऊ नका," तर तेवढे तिचे ऐका.