हँडलखालच्या तीन रेघा

मित्रांनो, माझे वय विचाराल, तर चंदननगरच्या या गल्लीत माझ्याहून जुना एक पिंपळच उरला आहे. मी हिरवी मोटार. वीस वर्षे गंजत पडले होते. धीरेनबाबूंनी निवृत्तीनंतर चार वर्षे खपून मला उभे केले. निताय रंगाऱ्याने रंगाचे सात हात दिले. बाबूंच्या पत्नी निरुपमाबाईंनी शंख फुंकून मला शेंदूर लावला.

नव्या रंगावर पहिली रेघ त्यांच्याच हातून उमटली. शंखाच्या बांगडीमागे त्या लोखंडी कडे घालत. इकडे ते सवाष्णीचे लेणे. बसायला डावे दार उघडताना ते हँडलखाली घासे. एक, दोन, तीन. बाबू संतापले.

"आधी ते कडं काढ, मग दाराला हात लाव."

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही समोर उभे असताना कडं काढू? अहो, मोटारीला रंग परत देता येईल."

बाबूंनी जीभ चावली, पण माफी ओठांवर आली नाही. उलट, विश्वकर्मा पूजेच्या, म्हणजे भाद्रपदात गाड्या पुजायच्या सणाच्या, आदल्या दिवशी येऊन रेघा घालव, असे त्यांनी नितायला बजावले. तेव्हापासून बाई मनगटाला पदर गुंडाळूनच माझे दार उघडत.

श्रावणात त्या तापाने गेल्या. कडे बाबूंच्या खिशात आले. रोज सकाळी ते त्या तीन रेघांवरून बोट फिरवीत. नितायला काय सांगून ठेवले आहे, ते त्यांच्या ध्यानातही नव्हते. माझ्या होते, पण मला वाचा कुठली?

निताय शब्दाचा पक्का; बाबूंना दादा नि बाईंना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणणारा. पूजेच्या आदल्या दिवशी बाबू गंगेच्या घाटावर गेले असताना तो आला. पाणी शिंपडीत बारीक पॉलिश-कागदाने घासू लागला. मित्रांनो, ओरखडा पुसला जात नसतो. भोवतीचा चांगला रंग झिजवून त्याच्या पातळीला आणावा लागतो.

बाबू परतले. सवयीने बोट फिरवले. सारे गुळगुळीत.

"शोधून सापडायच्या नाहीत, दादा," निताय म्हणाला. "बौदींच्या नावानं केलंय. मजुरी नको."

"छान केलंस रे," बाबू म्हणाले. "सांगितलं तसंच केलंस."

तो गेल्यावर त्यांनी खिशातले कडे काढून हँडलखाली धरले. टेकवले मात्र नाही. ती रेघ निरुपमाबाईंची थोडीच झाली असती?

आता माझ्या दारात तोंड पाहून घ्यावे, इतकी मी चकाकते. वस्तू जपा, बाळांनो, जरूर जपा. पण वस्तूपायी घरच्या माणसाला लागेल असे बोललात, तर दिवा लागायच्या आत माफी मागा. बाबू अजून गाडी काढताना आधी डावे दार उघडतात, कुणी बसेल इतका वेळ थांबतात, आणि अलगद लावतात.