डोलकाठीची घोडी

गुणवंत साठ्यांच्या पाठीतली चकती सरकली आणि त्यांची अठरा फुटी शिडाची बोट आखातातल्या उम्म अल क्वैनच्या खाडीकाठच्या यार्डात ट्रेलरवर धूळ खात पडली. बोट चालवणं सोपं होतं. जीव घ्यायची ती डोलकाठी. दर वेळी पाण्याकाठी ती उभी करायची, निघताना पुन्हा उतरवायची. तो बावीस फुटी खांब गुणवंत खांद्याने रेटायचे, त्यांची बायको अनुपमा पुढून दोर ओढायची. तासभर नुसता आरडाओरडा. शेवटच्या वेळी वाऱ्याने खांब कलंडला आणि सावरताना पाठ गेली.

"विकून टाकू बोट. खलास," अल नहदाच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर आडवे पडून गुणवंत म्हणाले.

"मला न विचारता?" अनुपमाने विचारलं. सेहेचाळिसाव्या वर्षी ती शीड हाताळायला शिकली होती. इतक्यात सोडायची तिची तयारी नव्हती.

ती एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होती. ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला, पण मंगळवारी साइटवर फेरी असायची. त्या मंगळवारी तिने पाहिलं, गुहागरचा दगडू, तिथला क्रेनवरचा कामगार, दिव्याचा एक लांबलचक खांब एकट्याने, एका हाताने दोर गुंडाळायचा विंच फिरवत उभा करत होता. ती तिथेच थांबली आणि त्याला डोलकाठीची सगळी कथा सांगितली.

दगडू हसला. "मॅडम, आडव्या काठीला आडवंच ओढलं तर ती उठेल कशी? दोराला आधी उंची द्या." त्याने प्लायवूडवर खडूने चित्र काढलं. दोन नळ्या, वर टोकाला जोडलेल्या, खाली बोटीच्या दोन्ही कडांना पाय. "ही घोडी. काठीचा दोर घोडीच्या टोकाला, तिथून पुढे विंचला. घोडी पुढे झुकेल तशी काठी उठेल. ट्रेलरला विंच आहे ना, बोट वर ओढायचा?"

"आहे की!" अनुपमाने कपाळावर हात मारला.

रविवारी दगडू नळ्या घेऊन यार्डात आला. गुणवंतांना खुर्चीत बसवलं होतं, तरी सूचना चालूच होत्या. अनुपमाने विंच फिरवला. काठी अर्ध्यावर आली आणि डावीकडे झुकू लागली. गुणवंत ताडकन उठले.

"बाबा, सिट! डॉक्टर सेड नो!" त्यांची मुलगी ईशानी ओरडली.

"वहिनी, घाबरू नका. उलटा फिरवा, हळूहळू," दगडू म्हणाला. साइटवरची मॅडम पाण्याकाठी वहिनी झाली होती.

अनुपमाने विंच उलटा फिरवला. काठी अलगद खाली येऊन टेकली. कुणाच्या खांद्यावर नाही, डोक्यावर नाही. तिची भीती तिथेच निम्मी झाली.

दगडूने काठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर तपासले. "हे खाली बांधलेत, म्हणून मध्येच सैल पडतात. काठी ज्या बिजागरीवर फिरते, तिच्या रेषेत बांधू."

दुसऱ्यांदा काठी डगमगली नाही. अकरा मिनिटांत ती सरळ उभी राहिली. अनुपमाला धापसुद्धा लागली नव्हती.

गुणवंतांनी मान वर करून काठीचं टोक पाहिलं. "दोन वर्षं मी उगाच खांदा लावत होतो," ते म्हणाले. "आता माझं काय काम?"

"हवा खा," अनुपमा म्हणाली.

बोट पाण्यात उतरली. दगडू धक्क्यावरच नळ्या आवरत होता.

"दगडूभाऊ, चला ना," गुणवंतांनी हाक मारली.

"मी? माझे बूट..."

"काढा की."

दगडूने बूट काढले, आत मोजे कोंबले आणि बोटीत पाय टाकला. त्याचे वडील मासेमारी करायचे. तो स्वतः एकोणीस वर्षं इथे क्रेनला माल अडकवत होता. समुद्र दिसायचा तो तिसाव्या मजल्यावरून. गुणवंत सरकून बसले आणि सुकाणूचा दांडा त्यांनी त्याच्या हातात दिला.

शीड फुगलं, बोट एका अंगावर झुकली, ईशानी किंचाळली. दगडू मोठ्याने हसला.

"समोरच्या खारफुटीच्या झाडांकडे घेता येईल का?" अनुपमाने विचारलं.

दगडूने आधीच बोट वळवली होती.