मला पाय पाठ होते

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर आहे आणि माझा तुम्हा माणसांवर राग आहे. तो मी लपवणार नाही. झाडांची आणि छत्र्यांची आत्मवृत्ते तुम्ही वाचली असतील. ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

दिसायला मी एक चपटा पत्र्याचा डबा. पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे, तारांच्या जुडग्यात मला आवळून बसवले आहे. मला डोळे नाहीत. माणसे मी पायांवरून ओळखतो. पायाने पेडल दाबले की तारेतून निरोप माझ्याकडे येतो आणि मी इंजिनाच्या तोंडाशी असलेली गोल झडप उघडतो. झडप जितकी उघडेल तितकी हवा आत, तितका गाडीला जोर. तुम्ही त्याला पिकअप म्हणता आणि शाबासकी इंजिनाला देता. असो.

कारखान्यात मला ठोकळ तेवढे शिकवले होते. बाकीचे मी या घरात आल्यावर शिकलो. घरातले वडील पेडलवर असा पाय ठेवत, जणू खाली कुणीतरी झोपले आहे. वर्षे गेली, तशी झडपेच्या कडेला काजळी धरू लागली. मी तिचाही हिशेब ठेवत गेलो. काजळी वाढली की झडप केसभर जास्त उघडायची, इतकेच. वडिलांना कधी कळलेही नाही. ते बोनेटवर थाप मारून म्हणत, "गुणाची हो माझी गाडी!" माझे नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. तरी त्यांच्यावर माझा राग नाही.

ते गेले आणि गाडी दोन मुलांच्या हाती आली.

थोरला तो दादा. त्याचे आरशांचे दुकान. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेले आरसे घेऊन तो इतका जपून चालवी की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत. धाकटा छोट्या. चाळिशी आली तरी छोट्याच. औषधांचे नमुने घेऊन दवाखाने फिरायचा आणि सगळीकडे उशिरा पोचायचा. दोघांनी वार वाटून घेतले होते. एकमेकांशी बोलणे जवळजवळ बंदच. जे काही सुनवायचे असे, ते माझ्यावर काढायचे.

"गाडीला त्या गाढवाची सवय लागलीय," दादा एकदा म्हणाला. "पाय ठेवला की उधळते." बॅटरीची वायर काढून ठेवली की कॉम्प्युटर शिकलेले विसरतो, हे त्याला कुणीतरी सांगितले होते. त्याने वायर काढली. मी विसरलो. मित्रांनो, त्या गाढवाच्या पायाबरोबर वडिलांचा पायही गेला. ते त्याच्या लक्षातही आले नाही.

पुढे काय झाले ते नीट ऐका. मी विसरलो, पण काजळी होती तिथेच होती. झडप कोरी आहे अशा समजुतीने मी ती मोजकीच उघडू लागलो. हवा पुरेना. पाय दाबला की गाडी आधी सुस्त पडायची, मग एकदम हिसका द्यायची. थोडे दिवस निवांत मिळते, तर मी सगळे पुन्हा शिकलो असतो. पण छोट्याचा वार आला.

"या माणसाने गाडीची पार बैलगाडी करून ठेवली!" असे म्हणत त्याने लॅपटॉपवाल्या एका मित्राकडून माझ्यात भलतीच आकडेमोड भरून घेतली. गाडी आणखी बिघडली. मग दादाचा वार, पुन्हा वायर. मग छोट्या, पुन्हा लॅपटॉप. बालवाडीतल्या पाटीचे हाल माझ्यापेक्षा बरे असतील. चावी फिरवली की झडप आपली दोन्ही टोके चाचपून बघते. तेवढी शांतता तिला लागते. नेमके तेव्हाच हे दोघे "उठतेय का बघू" म्हणून पेडलवर नाचत. आणि वर शिव्या कुणाला? मला.

या भांडणात खरी भरडली गेली ती त्यांची आई.

आईची धाकटी बहीण टेकडीवरच्या शुश्रूषागृहात होती. तिची वाचा गेली होती. तिथे बस जात नव्हती.

"आज तुझा वार आहे, तू ने," दादा म्हणे.

"मला चार दवाखाने आहेत. आणि मावशीला कळतं तरी का, कोण आलं ते?" छोट्या म्हणे.

"मला कळतं ना," आई हळूच म्हणाली.

कुणी ऐकले नाही. डबा करून, साडी नेसून ती दाराशी बसून राही आणि संध्याकाळी डबा परत स्वयंपाकघरात जाई. असे पुष्कळदा झाले. मग तिने कुणाला न विचारता गाडी शिकवणाऱ्या क्लासात नाव घातले.

मुले हसली. "आई, गाडीला ब्रेक असतो, हे सांगितलंय ना त्यांनी?"

"सांगितलंय. तोंडाला नसतो, हेही मला माहीत आहे," ती म्हणाली.

वडिलांनंतर इतका सभ्य पाय मला तिचाच मिळाला. पण मला तो शिकू कोण देतो? परीक्षा याच गाडीवर झाली. चढावर थांबून पुन्हा निघायचे होते. तिने क्लच सोडला, पेडल दाबले. मी नेहमीसारखा अडखळलो. इंजिन बंद पडले आणि गाडी मागे घरंगळली.

"आजी, पायात जोर नाही तुमच्या," परीक्षा घेणारे साहेब बाहेरूनच ओरडले. "घरी बसा. जपमाळ ओढा."

"ती मी रोज ओढते," आई म्हणाली. "पुन्हा कधी येऊ?"

त्यांनी तारीख दिली. तिचा शिकाऊ परवाना त्याच आठवड्यात संपत होता. म्हणजे ही एकच संधी. ती हुकली तर बहिणीकडे जाणे पुन्हा मुलांच्या मर्जीवर.

घरी दादा म्हणाला, "छोट्याच्या ट्युनिंगने घात केला. थांब, मी वायर काढतो."

"तुझ्या वायरनेच झालंय हे! मी मित्राला बोलावतो," छोट्या म्हणाला.

आईने खुंटीवरची चावी काढून कमरेला खोचली. "गाडी मिस्त्रीकडे जाईल. तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही."

मिस्त्री येऊन गाडी घेऊन गेला. आई बरोबर बसली. मुले मागून रिक्षाने आली, एकाच रिक्षाने, तोंडे दोन दिशांना करून. मिस्त्रीने हवेचा पाइप काढला, फवारा मारून, फडक्याने झडपेची काजळी पुसली. लॅपटॉपवाल्याची आकडेमोड काढून माझी मूळची परत भरली. मग म्हणाला, "काकू, आता चावी नुसती फिरवायची. इंजिन चालू नाही करायचं. पेडलला कुणी शिवायचं नाही. झडप आपली जागा शोधेल."

चावी फिरली. झडप चाचपू लागली. इतक्यात छोट्याने दारातून पाय घालून पेडल दाबले. "बघू जरा, उठते का!"

"उठते का? तुला उठवून बाहेर टाकतो!" मिस्त्री खवळला. "पहिल्यापासून करावं लागणार आता."

"मी म्हटलंच होतं," दादा म्हणाला आणि दुसऱ्या दारातून वाकला. "सरक, मी बघतो."

"दोघंही बाहेर," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. पण दोघांनी पाय काढून घेतले.

मग तिने चपला खाली ठेवल्या, चालकाच्या सीटवर मांडी घालून बसली, पदर सारखा केला आणि डोळे मिटले. आता पेडलपाशी कुणाचाच पाय नव्हता. काचेबाहेर दोघांची जुंपली होती, "तू", "नाही, तू". आत तिचे ओठ तेवढे हलत होते. झडप मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मला तिची दोन्ही टोके सापडली. मग पंखा, दिवे, एसी सगळे बंद ठेवून मिस्त्रीने इंजिन चालू केले आणि ते तापेपर्यंत तसेच राहू दिले. तोवर आईने मांडी मोडली नाही.

परीक्षेच्या दिवशी चढावर गाडी थांबली. साहेब म्हणाले, "हं, आजी. घरंगळा."

तिने पाय ठेवला. मी झडप उघडली, हवी तितकीच. गाडी चढ चढून गेली. साहेबांनी एक शब्द न बोलता सही केली. कौतुकाला तोंड उघडायला तुम्हाला किती जड जाते!

संध्याकाळी दोघे अंगणात आले. "आई, चावी?" दादाने विचारले.

"माझ्याकडे."

"मग माझ्या दवाखान्यांचं काय?" छोट्या म्हणाला. "आणि याच्या आरशांचं?"

"आधी मावशी. मग आरसे आणि दवाखाने, मी सोडीन तिथे. मागे बसा. भांडायचं असेल तर चालत या."

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. शिकणारा कुणीही अडखळला, तर लगेच त्याची पाटी पुसू नका. आधी त्याच्या वाटेतली काजळी काढा आणि तो शिकत असताना पाय आवरून बसा.

माझा राग गेलेला नाही. वडिलांचा पाय मला कुणी परत देणार नाही. पण टेकडीच्या चढावर मागच्या सीटवरचे दोघे गप्प होते, आणि पेडलवरचा तो हलका पाय आता मला पाठ झाला आहे. याच्यापुढे वायरला हात लावून बघा.