अकरा युनिटांचे घर

मी एक जुना वीजमीटर आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पत्र्यावरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे आणि माझ्या पोटात अजूनही ॲल्युमिनियमची चकती फिरते. नव्या मीटरांना चकती नसते. त्यांचा एक लाल दिवा नुसता लुकलुकतो. लुकलुकू दे बापडा. मित्रांनो, मला गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. जन्मभर आकड्यांशिवाय दुसरे काही बोललो नाही. पण माझ्याच आकड्यांवरून एका घराला एकदा कोणी खोटे ठरवू पाहिले होते. ते मी सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार?

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. भिंगे लावलेल्या बायका चिमट्याने एकेक दात्याचे चाक बसवत होत्या. मग मला तपासणीच्या खोलीत नेले, हजार वेळा फिरवले आणि शेवटी शिशाचे सील ठोकले. त्या दिवशी मला एकच शिकवण मिळाली, की जेवढी वीज जाईल तेवढीच मोजायची. ती मी आजवर मोडलेली नाही.

या दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या दारालगतच्या भिंतीवर मला टांगले, त्याला फार वर्षे झाली. सुरुवातीला इथे भाडेकरू येत आणि जात. बिल आले की सगळे माझ्यावर घसरत. "हा मीटर पळतो!" एकाने मला चपलेने बडवले. दुसऱ्याने माझ्या पोटाला लोहचुंबक लावून पाहिले. मी दोघांनाही दाद दिली नाही. कौतुक मात्र कोणी केले नाही. बरोबर मोजल्याबद्दल मीटरला शाबासकी दिल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का?

नऊ वर्षांपूर्वी हे घर एका मुलीने विकत घेतले. तिचे पहिलेच घर. ती रुग्णालयात परिचारिका आहे, कायम रात्रपाळीला. तिचे वडील घड्याळे दुरुस्त करतात, म्हणून गल्लीत त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. मागच्या खोलीच्या खिडकीशी त्यांचे बाक आहे. दिव्याच्या उजेडात घड्याळाच्या चाकांवर सावल्या पडतात, म्हणून ते सूर्याच्या उजेडातच काम करतात आणि अंधारले की आवरून ठेवतात. घरात एक दिवा, एक रेडिओ आणि दर सोमवारी मुलीच्या गणवेशासाठी इस्त्री. इस्त्री लागली की माझी चकती भिरभिरते. एरवी ती संथ चालीने फिरते. महिन्याला अकरा युनिटे, कधी दहा, कधी बारा. आकडे घेणारी बाई माझ्याशेजारी लटकवलेल्या कार्डावर ते लिहून जाते.

काकांना जरा कमी ऐकू येते. मुलगी दिवसा झोपते, तिची झोपमोड नको म्हणून काकांनी एकदा दारावरच्या घंटेची तारच कापून टाकली. गल्लीतल्या माणसांना ते माहीत होते. ज्याला काम असे तो मागच्या खिडकीशी जाऊन काच वाजवी. अडचण अशी, की परक्या माणसाला हे कसे कळणार?

मग मुलीने घराचे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचे ठरवले, कारण तिथे व्याज कमी होते. बँकेच्या बाई कागद घेऊन आल्या तेव्हा सगळे बोलणे माझ्यासमोरच, दारात झाले. मित्रांनो, पहिल्यांदा घर घेणाऱ्याला आमच्याकडे करात सवलत मिळते. वर्षभर भरलेल्या व्याजाचा काही भाग करातून वजा होतो. पण कर्ज हलवले की ती सवलत आपोआप मागे येत नाही, नव्या कर्जावर पुन्हा मागावी लागते. घर तेच हवे, मालक तोच हवा, नवे कर्ज जुन्या बाकीपेक्षा जास्त नको, आणि मालक स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे.

"छपरासाठी थोडं जास्त घ्या ना," बँकेच्या बाई म्हणाल्या.

"नको. एक पैसा वर घेतला की सवलत धोक्यात येते. मी नियम वाचलेत."

"तू नियम वाचतेस, मग झोपतेस कधी?" काकांनी विचारले.

"नियम वाचतानाच झोप लागते, बाबा."

कर्ज हलले. सवलतीचा अर्ज गेला. आणि एका दुपारी कर खात्याचे तपासनीस आले. त्यांनी घंटा दाबली, ती मुकी. त्यांनी दार ठोठावले. पुढच्या खोलीत मुलगी कानात कापूस घालून झोपलेली, मागे काका पाठमोरे, डोळ्याला भिंग लावून बसलेले. तपासनिसांनी कार्ड चाळले, माझ्याकडे पाहिले आणि ओठ हलवत लिहिले, "घंटा बंद. पडदे बंद. वीजवापर नगण्य. घरात कोणी राहत नसावे." आठवड्याने ते पुन्हा आले आणि तेच लिहून गेले.

मी तेव्हा खच्चून ओरडलो असतो, पण मला आवाज नाही. मी माझी चकती फिरवत राहिलो. आत काकांच्या कानाशी रेडिओ हळू आवाजात चालू होता. त्यांनी चकतीकडे पाहिलेच नाही.

मग पत्र आले. अर्ज रोखला होता. पंधरा दिवसांनी मीटरची तपासणी आणि घरीच सुनावणी. मुलीने पत्र वाचले आणि भिंतीला टेकली. सवलत गेली तर हप्ता झेपणार नव्हता, मागची खोली भाड्याने द्यावी लागणार होती. म्हणजे बाक जाणार, खिडकी जाणार, आणि काकांचे कामही.

"घंटा मी तोडली. माझंच चुकलं," काका म्हणाले.

"बाबा, घंटेवरून कोणाचं घर जात नसतं."

"मग असं करू. पंधरा दिवस दिवा रात्रंदिवस जाळू. इस्त्रीही लावून ठेवू. हा पळू दे की जरा!" काकांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"नाही. आपण राहतो तसंच राहायचं. उद्या एक युनिट जरी जास्त निघालं ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

मित्रांनो, मला चपला खाव्या लागल्या, चुंबकाचा त्रास सोसावा लागला, ते सगळे मी त्या क्षणी विसरलो.

ठरल्या दिवशी तपासनीस आले. सोबत वीज कंपनीचा मीटर तपासणारा होता. त्याने मला आपली पेटी जोडली, इस्त्री लावायला सांगितली आणि हातातल्या घड्याळावर चकतीचे फेरे मोजले. तीनदा मोजले.

"मीटर एकदम बरोबर आहे, साहेब. म्हातारा आहे, पण पक्का आहे."

"म्हणजे वापर खरोखरच अकरा युनिटं," तपासनीस म्हणाले. "मग माझंच म्हणणं खरं ठरलं. अकरा युनिटांत कोण राहतं हो?"

"आम्ही," मुलगी म्हणाली.

तपासनिसांनी टाचून ठेवलेली नऊ वर्षांची कार्डे उलटली. त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. "हे बघा. चार वर्षांपूर्वी या महिन्यात चक्क शून्य! तेव्हा तुम्ही इथं नव्हताच."

"नव्हतोच. बाबांची शस्त्रक्रिया झाली होती. महिनाभर ते रुग्णालयात खाटेवर आणि मी त्यांच्या उशाशी. रुग्णालयाचे कागद आहेत, दाखवते. तो रिकाम्या घराचा आकडा आहे, साहेब. आता बाकीचे एकशे सात महिने त्याच्या शेजारी ठेवून वाचा."

तपासनिसांनी कार्डांवरून पुन्हा बोट फिरवले. मीटर तपासणारा हळूच म्हणाला, "रिकाम्या घरात चकती हलत नाही, साहेब."

"पण इतकी कमी वीज..."

"नियमात स्वतः राहणं लिहिलंय. दिवे जाळणं कुठं लिहिलंय? दाखवा मला. मी सगळी पानं वाचलीत."

त्यांनी फाइलमधली पाने खरेच उलटली. काका इतका वेळ तोंडाकडे बघत उभे होते. "काय म्हणतायत ते?" त्यांनी विचारले.

"म्हणतायत, आपण इथं राहत नाही."

"असं? मग त्यांना म्हणावं, तुमच्या मनगटावरचं घड्याळ मघापासून सव्वादहालाच थांबलंय. ते मी कुठं बसून दुरुस्त करायचं, तेवढं सांगा."

तपासनिसांनी मनगट पाहिले, कानाला लावले आणि चटकन बाही खाली ओढली. "तपास चालू असताना नको," ते म्हणाले. पण मग ते स्वतः मागच्या खोलीत गेले, बाक पाहिले, इस्त्री केलेले गणवेश पाहिले. परत येऊन त्यांनी माझ्यासमोर उभे राहून जुने वाक्य खोडले आणि एकच शब्द लिहिला, "राहतात."

वीस दिवसांनी मंजुरी आली. सवलत नव्या कर्जावर, जुन्याच दराने. काकांनी ते पत्र भिंग लावून दोनदा वाचले, आणि त्या दिवशी त्यांच्या बाकावरून एक घड्याळही हलले नाही. ते नुसते खिडकीशी बसून होते.

आता वीज कंपनीने माझ्यावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, "बदलण्यास पात्र". बदला. मी गयावया करणार नाही. मी चुकलो म्हणून जात नाही, चकतीची जात संपली म्हणून जातो आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. फक्त मला उतरवण्याआधी फडक्याने माझी काच पुसा, शेवटचा आकडा नीट वाचा आणि कार्डावर जसाच्या तसा लिहा. ते कार्ड जुन्या कार्डांना टाचा, फेकू नका. पुढे कधी कोणी दारात उभे राहून विचारले, की इथे खरेच कोणी राहत होते का, तर त्याच्या हातात माझी एकशे सात उत्तरे ठेवा.