खेळाडू शोधत आहे

दादाने फेकलेला हेडफोन आईच्या कानशिलाला घासून गेला आणि मागच्या कपाटाची काच फुटली. आई जागची हलली नाही. तिचा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता. उजव्या हाताने तिने कान चाचपला, बोटांना लागलेलं रक्त पदराला पुसलं आणि काचा गोळा करायला वाकली.

"राहू दे गं, मी भरते," धाकटी म्हणाली.

"तू हे बघ." दादाने तिची वेणी मुठीत धरली आणि तिचं तोंड पडद्यापाशी आणलं, नाक टेकेपर्यंत. "वाच, काय लिहिलंय?"

"खेळाडू शोधत आहे."

"आठवडाभर शोधतोय. जगातले सगळे खेळाडू मेले काय? गावभरच्या लायनी नीट करायचा पगार घेतेस आणि घरातली होत नाही तुझ्याच्याने?" त्याने वेणी हिसका देऊन सोडली. तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. "मी अंघोळीला चाललोय. बाहेर येईपर्यंत गेम लागला नाही, तर म्हातारीचा दुसरा हात. म्हणजे दोन्ही सारखे दिसतील."

स्वतःच्याच विनोदावर तो थोडा हसला. मग बाथरूमचं दार आपटलं आणि आत शॉवर सुरू झाला.

धाकटी इंटरनेट कंपनीत मदतीच्या फोनवर बसायची. दिवसभर माणसं तिच्यावर ओरडत आणि ती मऊ आवाजात विचारत राही: वायर नीट बसलीय का, कोणता दिवा लागलाय. तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं तर बिघाड कुठे होता ते कधीच कळत नाही. म्हणून आठवडाभर ती एकेक गोष्ट बदलत आली होती. वायर बदलली. राउटर तर बदलावाच लागला, कारण जुन्याचा दादाने हातोडीने भुगा केला होता. लाइनचा वेग तपासला, तो चोख होता. गेमच्या मशीनमधलं सगळं पुसून पुन्हा भरलं. बदलायचं राहिलं होतं ते एकच, दादाचं गेममधलं खातं.

तिने त्याचं खातं बंद केलं, स्वतःचं नवं उघडलं आणि बटण दाबलं. बोट उचलण्याआधी खेळाडू मिळाले. ती एका जळत्या गल्लीत उभी होती, हातात बंदूक. कुणीतरी खिडकीतून नेम धरून तिच्या डोक्यात गोळी घातली. पडदा लालभडक झाला.

तिने मशीनवरचा हात काढून घेतला. लाइन ठणठणीत होती, आणि तिला तेच नको होतं. लाइनचा बिघाड असता तर तिला काढता आला असता.

आतला शॉवर चालू होता. तिने घाईघाईने दादाचं खातं परत लावलं, फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन मास्तरला लावला.

खेळात दादाची चौघांची टोळी होती: तो, मास्तर, सुतार आणि बोका. ही खेळातली नावं. चौघांनी कधी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मास्तर मात्र खरंच कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचा. दादा झोपलेला असला की तिला फोन करायचा, "ताई, कुंभकर्णाला उठवा, इकडे लंका जळतेय."

"मास्तर, मी बोलतेय. त्याची बहीण."

"ताई, तुम्ही बऱ्या आहात ना? आणि आई?"

असं कुणी विचारेल याची तिने तयारी केलेली नव्हती. "गेम लागत नाहीये त्याचा," ती म्हणाली. "तुम्ही तिघंही दिसत नाही."

"आम्ही ब्लॉक केलंय त्याला. तक्रारही केली, आणि ओळखीतल्या सगळ्यांना करायला लावली. इतक्या तक्रारी आल्या की गेम त्या माणसाची कुणाशी जोडीच लावत नाही. नुसतं चाक फिरवत ठेवतो."

"फार शिव्या दिल्या का त्याने?"

"शिव्यांचं काय घेऊन बसलात? बोका आमचा नमस्कारसुद्धा शिवीने घालतो." मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, तो हेडफोन फेकतो ना, पण त्याचा माइक चालूच राहतो. त्या दिवशी आम्हाला वाटलं, गेममधलेच आवाज आहेत. त्यात माणसं मरतातच. मग डाव संपला, गोळ्या थांबल्या, तरी ते आवाज येतच राहिले. हाड मोडल्याचाही आला. आणि तुमच्या आई म्हणाल्या, 'बाळा, उजवा नको रे, स्वयंपाक व्हायचाय अजून.'"

धाकटीने गॅलरीचा गज धरला.

"सुतार रडला हो," मास्तर म्हणाला. "एवढा दांडगा माणूस. म्हणाला, ह्याच्यासोबत पुन्हा बसलो तर माझे हात झडतील."

दवाखान्यात आईने सांगितलं होतं की जिन्यावरून पडले. धाकटीने पोलिसांना बोलावलं, तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. धाकटीने मैत्रिणीकडे खोली ठरवली, दोनदा आईचे कपडे भरले. दोन्ही वेळा आईने ते काढून पुन्हा घड्या घालून ठेवले. एकटा कसा राहील गं तो, म्हणाली. त्याला आहे कोण?

आतला शॉवर थांबला.

"मास्तर, त्याला परत घ्या. आत्ता."

"ताई, काय बोलताय?"

"खेळायला नाही, गुंतवायला. मला आईला बाहेर काढायचंय."

मास्तरने पुढे काही विचारलं नाही. "ब्लॉक काढतो आणि गेममध्ये आमची स्वतःची खोली उघडतो. तिथे जोड्या आम्हीच लावतो, गेमला विचारावं लागत नाही. दोन्ही बाजूंना आपलीच माणसं बसवू. तो जिंकत राहील, उठायचा नाही. बोक्याला मरायची सवय आहेच. आणि ताई, फोन चालू ठेवा. तो उठलाच, तर त्याच क्षणी कळवतो."

दादा टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तेव्हा धाकटी टेबलापासून दोन हात दूर उभी होती. त्याने आधी आईच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिथे आमंत्रण लुकलुकत होतं.

त्याने जमिनीवरून हेडफोन उचलला. एक कान तडकला होता, दुसरा चालत होता. त्याने पडद्याचा आवाजही मोठा केला.

"आलात होय रे, मेल्यांनो?" तो म्हणाला. आवाज असा की धाकटीला ओळखू येईना. लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून तिला शाळेत सोडणाऱ्या भावाचा होता तो. "मला वाटलं, विसरलात."

मग गोळ्या सुरू झाल्या. "घातली बघ डोक्यात! ऊठ बोक्या, पुन्हा मारतो." त्याची पाठ दाराकडे होती. प्रत्येक गोळीसरशी खांदे उडत होते.

धाकटीने आईच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. आई काचांमध्ये उकिडवी बसली होती, मान एका बाजूला कलती करून ऐकत.

"तेच का गं जुने मित्र?" तिने कुजबुजत विचारलं.

"तेच."

"किती दिवसांनी हसला." आईने पुन्हा कान दिला. पडद्यावर कुणाचा तरी गळा चिरला जात होता आणि दादा खदखदून हसत होता. "आता सोबत झाली त्याला."

धाकटीने चपला आणखी पुढे सरकवल्या.

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. आवाज होऊ नये म्हणून चपला तिने पायात न घालता हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी काचांवरून दारापर्यंत गेली. कडी धाकटीने काढली. बाहेर आल्यावर आईने दार ओढून घेतलं, अगदी हळू, झोपलेल्या लेकराच्या खोलीचं ओढतात तसं.

जिन्यात तिच्या पावलांचे लाल ठसे उमटत होते. वरून गोळ्यांचा आवाज येत होता, मधूनच दादाची आरोळी. धाकटीने तिला कोपराशी घट्ट धरलं होतं.

मधल्या वळणावर आई दम खायला थांबली.

"चांगली मुलं आहेत गं ती," ती म्हणाली. "झालं गेलं विसरून आली."

"हो," धाकटी म्हणाली. "चांगली आहेत. चल."