काचेतली आई

माघातली दुपार. संत्र्यांच्या बागांवर केशरी, कृश, किंचित कापरे ऊन. पानापानांतून गळणारे, मातीवर सांडणारे, आणि वऱ्हाडातल्या त्या कौलारू घराच्या ओसरीशी येऊन थबकणारे ऊन.

ओसरीवर आई बसली होती. स्टोव्हच्या भडक्यात होरपळलेली, नुकतीच इस्पितळातून परतलेली आई. एका गालावर ताम्रवर्णी, ताणलेली, अनोळखी त्वचा.

आणि दाराआड होती आठ वर्षांची कुमुद. भयाने थिजलेली, भयाने मुकी झालेली. आवाज आईचा होता, बांगड्यांची किणकिण आईची होती. चेहरा मात्र कुणा परकीचा. हाक आली की छातीत पाखरू फडफडे, आणि पावले आपोआप मागे सरत.

आईने तिला बळेच जवळ ओढले नाही. तिने आपल्या भावाकडून, शेषरावमामाकडून, त्याचा पेटीसारखा कॅमेरा मागवून घेतला. मामाने तो कुमुदच्या गळ्यात अडकवला. वरच्या काचेत वाकून कसे पाहायचे, खटका कसा दाबायचा, ते समजावले आणि हलकेच तो बाजूला झाला.

"माझ्याकडे नको पाहू," आई म्हणाली. "काचेत पाहा."

कुमुद वाकली. इवल्याशा चौकोनात अंगण थरथरले, आभाळ कलंडले, आणि उगवली अंगठ्याएवढी आई. ओंजळीत मावेल अशी आई. तरी भय होतेच. हात कापत होते, काच कापत होती. वाऱ्याने डहुळलेल्या पाण्यातल्या चंद्रासारखी आई विसकटत होती.

"भीती वाटली तरी चालते, बाळा. हात तेवढे स्थिर ठेव."

श्वास रोखून ती पाहत राहिली. जळालेल्या गालावर पदराची दाट, कृष्णगर्द सावली होती. तिथे काहीच दिसेना. आणि ते न दिसणे तिला दिसण्याहून भयंकर वाटले.

"आई," कितीतरी दिवसांनी तो शब्द तिच्या ओठांवर आला, "जरा उन्हाकडे वळ ना."

आता भय आईच्या डोळ्यांत उतरले होते. तिने पदर मागे सारला, आणि सावकाश, फार सावकाश, तो गाल उन्हाच्या हाती दिला.

खटका वाजला.

कुमुदने मान वर केली. समोर आई होती, पूर्ण आकाराची, पूर्ण उजेडातली. भय अजून होतेच. नजर तेवढी ढळली नाही.

"अजून एक काढू?" तिने विचारले.

आईने होकारार्थी मान डोलावली. उन्हे कलत गेली. आणि तो परका गाल तांबूस होत गेला, सोनेरी होत गेला, हळूहळू, हळूहळू, आईचा होत गेला.