पहिली ओंजळ

दुपारी पोश्या शिपाई डफ वाजवत आळीतून फिरून गेला. मुंबईच्या रेडिओनं सांगितलंय, दर्यावरून तुफान निघालंय, सांजेला जव्हारवर येईल, घरं-गुरं सांभाळा. संस्थान मोडून वर्ष उलटलं तरी त्याच्या डोक्यावर दरबारी फेटाच होता, आणि तुफानही तो हुकूम असल्यासारखं ऐकवून गेला.

ऐन थंडीत तुफान. कमूचा नवरा वामनमास्तर पहाटेच जामसरला गेलेला, खळ्यावर झोडून पडलेलं भात गाडीत घालून आणायला. घरात ती, सासू गोजाबाई आणि सात महिन्यांची रुपी.

कमू नाशिकला कॉलेजात शिकलेली. तिथल्या एका पुस्तकात वादळाची चित्रं होती, आणि त्यांतल्या एकाही घरावर छप्पर नव्हतं. तिनं वर पाहिलं. रुपीची झोळी आढ्यालाच टांगलेली. दोन कौलांच्या फटीतून बोटभर आभाळ दिसत होतं. ही फट काल होती का, ते तिला आठवेना.

तिनं झोळी सोडली.

"आता पोरगी निजंल कुठं?" गोजाबाईनं विचारलं.

"आढं खाली आलं तर, आत्या?"

"माझ्या सासऱ्यानं घातलेलं सागाचं आढं हाय ते. तुझ्या नवऱ्याची नोकरी नाय, आज हाय नि उद्या नाय."

कमूनं ऐकलं नाही. माजघराच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात नवी कणगी उभी होती. बांबूची, कमरेएवढी, शेणानं सारवून वाळवलेली. नव्या भातासाठी केलेली. कमूनं तळाशी गोधडी अंथरली आणि वाकून रुपीला आत ठेवलं. पोरीनं सारवलेल्या कडेवरून हात फिरवला, एक जांभई दिली आणि निजली.

गोजाबाई तोंडाला पदर लावून हसली. "कणगीत पहिली पडायची ती घरच्या सुनेची ओंजळ. तू तर अख्खी पोरच टाकलीस."

ओंजळीचं कमूला माहीत होतं. गेल्या साली ती न्हाणीत होती म्हणून वामन भाताची टोपली खांद्यावर घेऊन ताटकळला होता. "बी.ए. झालेला माणूस, आणि ओंजळीसाठी उभा," म्हणून तिनं त्याला आठवडाभर चिडवलं होतं.

सांज झाली तसा वारा सुटला. गोठ्याच्या दाराचं कुडाचं झापड आपटायला लागलं, शेळी ओरडू लागली. कमूनं कणगीत डोकावून पाहिलं, रुपी गाढ झोपली होती. मग दोघी सासवा-सुना झापड बांधायला मागं गेल्या. गाठ बसेना. वाऱ्याच्या आवाजात पुढच्या अंगणात गाडी आली ती दोघींनाही कळली नाही.

कळलं ते वामनची हाक आली तेव्हा.

"कमू, लवकर ये. भिजायच्या आत ओतून घेऊ."

ती धावली. दारातून आलेल्या वाऱ्यानं कंदील विझला होता. अंधारात वामनची पाठ दिसली. कणगीपाशी उभा, खांद्यावर भरलेली टोपली, टोपलीचा काठ कणगीवर कललेला. ती पळत गेली आणि दोन्ही हात टोपलीखाली लावले.

"अगं, मी धरलीय. तू ओंजळ टाक. पहिली तुझी, म्हणून तर थांबलोय. खांदा मोडला माझा."

"आत रुपी आहे."

वामननं टोपली इतकी हळू खाली ठेवली की एक दाणा सांडला नाही, आणि मग टोपलीशेजारीच खाली बसला. गाडीवाला देवजी दुसरी टोपली घेऊन दारात आला. "काय झालं, मास्तर?" भाताच्या कुसांनी कणगीतून एक बारीक शिंक आली, मागोमाग दुसरी.

गोजाबाईनं कंदील लावला. "मास्तर थांबला म्हणून बरं," ती म्हणाली, आणि नातीला उचलून उराशी धरून बसली.

तुफान आलं ते तासभर. चार-पाच कौलं सरकली, एक सर कोसळली, मग सगळं निवांत. देवजी ओटीवर विडी ओढत बसला होता. "एवढ्यासाठी बैलांना पळवलं व्हय," तो म्हणाला. "पोश्याला सांगतो, दुसरं मागव, हे बारकं निघालं."

दुपारपासून कमू पहिल्यांदा हसली. मग तिनं झोळी आढ्याला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि रुपीला तिच्यात घातलं. कंदील कणगीवर धरला, आतली गोधडी काढली. कणगी रिकामी दिसत होती, तरी हात घालून तळ चाचपला.

"आता?" वामननं विचारलं.

"थांबा की," ती म्हणाली, आणि टोपलीत दोन्ही हात बुडवले.